पाने आणि बिया वगळून

पंच क्रमांक दोन म्हणून मला नेलं,
कारण मी कृषी खात्यात, आणि झाड ओळखतो.
शिरपूरच्या वर, अनेरचं पात्र ओलांडून,
तुरीच्या दोन ओळींमध्ये तिसरी ओळ,
तुरीपेक्षा वीतभर उंच.
एकाही झाडाचं पाणी चुकलेलं नव्हतं.

मालक मिळून आला नाही.
खाट मिळून आली. तीन दगडांची चूल,
तव्यावर अर्धी कळण्याची भाकरी, अजून ऊन.

काटा जिनिंगमधून आणलेला,
हुकाला कापूस तसाच.
हवालदार गिरासे म्हणाले, मुळांची माती झटका,
माती मोजायची नाही.
झटकली. पायांवर पडली, काळी, ओलसर.

मग आली अडचण.
नुसतं पान असेल तर ती भांग :
तिला परवाना, तिला दुकान, तिची वही.
फूल आलं की गांजा, आणि कलम.
"बोरसे आप्पा, तुम्हीच सांगा,
पान कुठं संपतं?"

मी खिशातलं भिंग लावलं.
फुलाच्या गळ्याशी नखाएवढं पान होतं,
दोघांवर एकच चिकट लव.
पंचनाम्यात घालायला शब्द सापडेना.
ट्रॅक्टरवाला पुनमचंद मागून म्हणाला,
"भाऊ, झाड ते एकच शे ना?"
त्याला कुणी पंच केलं नव्हतं.

शेंडे वेगळ्या गोणीत. लाख, सील, नमुना अ-एक.

माझ्या दुसऱ्या खिशात तेव्हा
जळगावच्या वैद्यांनी दिलेली बाटली होती.
विजया. पानांचा अर्क. बॅच नंबर, परवाना नंबर.
दोन वर्षं झाली, उजवा हात कापतो.
चार थेंब जिभेखाली.
चिठ्ठी आधार कार्डामागे घडी करून ठेवतो,
कुणी विचारलं तर.

जीपच्या आडोशाला जाऊन थेंब घेतले,
अर्धा तास बांधावर बसलो.
लघवीला गेलो होतो, असं सांगितलं.
मग अकरा पानांवर अकरा सह्या.
कागदाच्या पानांवर.
एकही हलली नाही.
"अक्षर झकास आहे तुमचं," गिरासे म्हणाले.

बोटांचा वास तीन दिवस गेला नाही.
साबण लावला, चिंच चोळली, शेवटी रॉकेल.
बाटलीला वास नाही.
तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय,
मुलांपासून दूर ठेवा,
उन्हापासून जपा.

मी पाहिलं तेव्हा
ते भर उन्हात उभं होतं.