ओळीखाली लोंबणारे अर्थ

रेम्बांगच्या मिठागरांमागं, जावाच्या उत्तर काठावर,
आमच्या मदरशात अर्थ ओळीखाली लोंबतो.
वर अरबी, सरळ. खाली आमची जावानी,
तिरकी, बारीक, शब्दाला पायांनी धरून
झोपलेल्या वटवाघळासारखी.
पानं पिवळी, न बांधलेली,
वाऱ्याच्या भीतीनं प्रत्येकीचा गुडघा पानावर.

माझी प्रत वडिलांची.
त्या एका क्रियापदाखाली त्यांनी
टाक दाबून लिहिलंय: मार.
शाई पलीकडच्या पानावर उतरली,
तिथं कुठल्याशा ओळीतल्या रहमतवर डाग पडला.

न्याई मस्रुरोहांची प्रत त्यांच्या सासूची.
त्याच शब्दाखाली जागा कोरी.
विसरल्या नव्हत्या. टाक टेकवल्याचा
एक ठिपका आहे.
साठ वर्षं, तेवढाच.

कास्मिरा त्या दिवशी अगदी मागं बसली,
मिठागरातून थेट, पोटऱ्यांवर पांढरी पुटं,
आणि गालावर जे होतं ते
ओढणीत मावत नव्हतं.
तिचा नवरा सुजार्वो.
गावात त्याच्याइतकी गोड तिलावत कुणाची नाही.
पहाटे भोंग्यावर त्याचा सूर लागला
की टोफूवाल्याची सायकलसुद्धा थांबते.

न्याई तिच्याकडं बघितल्यासारखं न करता म्हणाल्या,
हेच क्रियापद आणखी कुठं कुठं येतं, शोधा.
पानं सळसळली.
उस्वातुनला सापडलं: दाखला देणं.
मला: वाटेला लागणं, दूर देशी.
कुणाला: झोपलेल्यांच्या कानांवर पडदा ओढणं.
धाकट्या नुरियाला: पाण्यावर काठी,
आणि समुद्रात रस्ता.

मग इथंच मार का?
थोरामोठ्यांनी तसंच लिहिलंय, न्याई म्हणाल्या,
खोटं कशाला सांगू.
कुणी पुढं जोडलं, हळू.
कुणी, दातवणाच्या काडीनं.
ज्यांच्यावर ती आयत उतरली
त्यांनी मात्र बायकोवर कधी हात उचलला नाही.
आता अर्थ त्या हातात वाचायचा की या टाकांत,
हे...

काडी नव्हती, न्याई, मागून आवाज आला.
मीठ ओढायचं दंताळं होतं.

कुणी काही बोललं नाही.
न्याईंनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला,
आणि वाक्य तिथंच राहिलं.

जुम्म्याच्या आदल्या संध्याकाळी
कास्मिरानं गाठोड्याला गाठ मारली,
लेकीला हाक मारली.
फाटकाशी न्याईंनी दोघींना मिठी मारली, घट्ट,
ओढणीला मीठ लागेपर्यंत.
तुबानची शेवटची बस दिवे लावून उभी होती.
लाउडस्पीकरवर सुजार्वो म्हणत होता,
गोड, नेहमीसारखाच.

वडिलांचा शब्द मी खोडला नाही.
खरवडला तर पान फाटतं, इतकं जुनं आहे.
त्याच्या शेजारी, उरलेल्या जागेत,
तिरकं, बारीक, लोंबतं लिहिलं:
निघाली.