लाभ, दोन, तीन

मी सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाई करतो.
पोती मोजताना पहिल्याला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
मग दोन, मग तीन.

समकित साडेचार वर्षांचा.
स्वतःचं नावही अजून तोंडात मावत नाही.
"कित" म्हणतो, आणि तेवढ्यात काट्यावर चढलेला असतो,
तिथून थप्पीवर,
तिथून कुणाच्या तरी सायकलच्या घंटीवर.
झोपेतसुद्धा त्याची चादर चालते.

कुणी वेखंड उगाळून दिलं.
मामा म्हणाला, मीपण पाचव्या वर्षी बोललो
(आणि अजून थांबलेला नाही).
शाळेची चिठ्ठी आली, मूल एका जागी बसत नाही.
ती मी खिशात ठेवली. धुण्यात गेली.

विश्रामबागच्या कुंभोजकर मॅडम म्हणाल्या,
दोन गाठी आहेत, एकमेकींत अडकलेल्या,
एक ओढली की दुसरी आवळते.
खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.
एका वेळी एकच सांगा.
विचारलंत तर दहा मोजेपर्यंत थांबा,
उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका.

दहा किती लांब असतात
हे पंचवीस वर्षं मोजूनही मला ठाऊक नव्हतं.
पाणी हवं की दूध?
लाभ. दोन. तीन. ओठ जुळून येतात.
चार. वर पंखा दिसतो.
पाच. पंख्याबरोबर डोकं फिरतं.
सहाला तो दारात,
मागून मी, पेला घेऊन.
पुन्हा लाभ.
आतून आवाज, अहो, द्या की त्याला पाणी!

पूर्वी हळदीचा भाव रुमालाखाली ठरायचा.
बोटं धरायची, दाबायची,
भरल्या यार्डात हजारोंचा सौदा
आणि तोंडातून शब्द नाही.
त्या व्यापाऱ्यांना कुणी मुकं म्हणालं नाही.

मॅडम हसल्या. करा की, म्हणाल्या,
बोटांमुळे शब्द अडत नाहीत.

आता संध्याकाळी माझ्या टॉवेलखाली बाजार भरतो.
एक बोट पाणी, दोन बोटं दूध,
मूठ म्हणजे बाहेर पळू या.
बहुतेकदा मूठच येते.
मग कृष्णेच्या घाटापर्यंत
तो पुढं, मी धापा टाकत.

काल दोन बोटं आली.
मी गप्प. लाभ, दोन, तीन,
सात,
आठाला "दू."

ध कुठं सांडला, विचारलं नाही.
आमच्या धंद्यात एवढी घट धरतातच.
पेला भरून वळलो,
तर तो कपाटावर.