दोन ओळींचा वृत्तांत

पान सातवर, तळाशी,
मला दोन ओळी मिळायच्या.
संघ, निकाल, गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला.
तिसरी लिहिली की देवस्थळे तांबडी पेन्सिल फिरवायचे:
जागा नाही हो, कूलरची जाहिरात आलीय.

त्या दोन ओळींत अठरा वर्षं
रत्नपाल गजभिये आला नाही.

इंदोऱ्यातले पोट्टे त्याला मेक्सिको म्हणायचे.
शहाऐंशीचा जून, रात्र उलटलेली,
गच्चीवर आणून ठेवलेला कुणाचा तरी टीव्ही
आणि अँटेना धरून उभं राहायची पाळी याची.
मान वाकडी करून त्यानं मुंग्यांच्या पावसात पाहिला
मधल्या फळीतला एक माणूस,
जो चेंडूमागे धावत नव्हता,
चेंडूच त्याला विचारून पुढे जात होता.
समालोचकानं त्याचं नाव तीनदा तीन तऱ्हांनी घेतलं,
मग सोडून दिलं, म्हणाला, नंबर आठ.
जर्सी राखाडी दिसत होती.
हिरवी आहे, हे रत्नपालला पेपरात वाचून कळलं.

आईनं इतवारीतून रंगाची पुडी आणली, बनियन बुडवला.
पहिल्याच मॅचला घामानं पाठ हिरवी,
चार दिवस निघाली नाही.

मोतीबागेत पंचेचाळीस डिग्रीला
काळ्या मातीला भेगा पडत.
कुठल्या भेगेवर चेंडू डावीकडे वळतो
हे त्याला पाठ होतं.
मान एकदा वर, एकदा खाली,
तोवर चेंडू गेलेला
आणि कामठीचा अश्फाक गोलसमोर एकटा.
मी लिहायचो: अश्फाक, एकतिसाव्या मिनिटाला.

एक्क्याण्णवला कोलकात्यात ट्रायल.
तीन आठवडे मेसमधे माशाचे काटे काढत बसला.
कोचनं विचारलं, सीझनला गोल किती?
हा म्हणाला, मी देतो.
गीतांजलीनं परत आला.
अजनीच्या लोको शेडमधे फिटर लागला, स्पोर्ट्स कोट्यातून.

अठ्ठ्याण्णवला, पोलिसांच्या टीमविरुद्ध,
डावा गुडघा तुराटीसारखा मोडला.
कडेला बसलेल्या मलाही ऐकू आलं.
त्यानंतर चार वर्षं खेळला, जवळजवळ चालतच.
मला विचाराल तर तीच त्याची खरी वर्षं.
पाय गेले, तेव्हा दिसलं
तो खेळत कशानं होता.

या गावात देशाचा मध्य सांगणारा दगड आहे,
लोक त्याला टेकून फोटो काढतात.
मैदानाच्या मध्यावरच्या माणसाचा माझ्याकडे एकच फोटो:
सगळे समोर बघतायत,
तो वाकलेला, बुटाची नाडी बांधतोय.
डोक्यावरचा भोवरा तेवढा दिसतो.

परवा भेटला, अजनीच्या पुलाखाली, रसवंतीत.
रिटायर झालाय, गुडघ्याला पट्टा.
मी म्हटलं, रत्नपाल, तुझं नाव
मी एकदाही छापलं नाही रे.
त्यानं ग्लासातला बर्फ चमच्यानं काढून टाकला,
दातांना सोसत नाही म्हणाला.
मग: कायले बे मनाले लावून घेतं?
बॉल पोचला होता नं?

थोड्या वेळानं आपणच म्हणाला,
त्या आठ नंबरवाल्याचं नाव तरी
आपल्याले कुठी माहीत हाय.

शोधून काढतो, मी म्हटलं, आता सगळं सापडतं.

नको, म्हणाला. राहू दे.