मोजे

पाचव्या खुनानंतर तिला बोलावलं.
तोवर आम्ही, ऑस्टेंडचे पोलीस, कुलपं तपासत होतो,
बँकेची पुस्तकं, जावई, पुतणे.
एका कोळंबीवाल्याला तर मी दोन रात्री
उगाच बसवून ठेवलं होतं.

गोडेलीव्ह पिन्टेलॉन, मानसशास्त्रज्ञ. वय अठ्ठावन्न. गुडघा दुखरा.
लिफ्ट बंद, म्हणून सात मजले चढून आली
आणि प्रेताच्या चेहऱ्याकडे न बघता
पायथ्याशी बसली.
मला वाटलं, दम लागलाय.

बाहेर नोव्हेंबरचा समुद्र, शिशासारखा.
उन्हाळी माणसं गेलेली, शटरं ओढलेली,
शंभर खिडक्यांत एखादा दिवा.
तेच दिवे कोणीतरी एकेक करून विझवत होतं.
उशीने. झटापट नाही.
पाचही जण सत्तरीपुढचे, एकटे,
पाचही जणांच्या अंगावर नीट ओढलेलं ब्लँकेट.

"पश्चात्ताप," मी म्हणालो. प्रशिक्षणात शिकलेला शब्द.
ती म्हणाली, "मोज्यांची टाच बघा."

टाच बरोबर टाचेवर होती.

"स्वतःच्या पायात मोजा आपसूक बसतो, क्लारहौट.
दुसऱ्याला घालताना फिरतो.
शिवण करंगळीकडे वळते, टाच घोट्यावर चढते.
नवखा माणूस तसाच सोडून देतो.
ह्याने शेकडो पाय मांडीवर घेतलेत."

तिने आधीच्या चौघांच्या पायांचे फोटो मागितले.
आमच्याकडे चेहऱ्यांचे ढीग, गळ्यांचे, उशांचे,
दाराच्या मुठीचे सुद्धा अकरा.
पायांचा एकच, चुकून आलेला:
इर्मा लापेर, करडे लोकरी मोजे,
नखं कापलेली, ताजी,
आणि टाच टाचेवर.

नगरपालिकेच्या यादीत
घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे पाय बघणारे तिघे.
तिसरा, वानेस डेड्री.
माझ्यासमोर चार तास गप्प.
मी टेबलावर हात आपटला, तर त्याने
सांडलेली कॉफी स्वतःच्या रुमालाने पुसली.

मग ती आली. वही नाही, पेन नाही.
खुर्ची ओढली, गुडघा चोळला, म्हणाली,
"इर्माचे पाय गार असायचे का?"

त्याने मान वर केली. पहिल्यांदा.
"सगळ्यांचेच. मी चोळून ऊब आणायचो.
महिन्याने जावं तर पुन्हा बर्फ.
मधले एकोणतीस दिवस..."
इथे तो थांबला, जणू पुढचं आम्हाला ठाऊकच आहे.
"त्यांनी मागितलं होतं?" तिने विचारलं.
"नाही," तो म्हणाला. "मागायची सवयच गेलेली असते त्यांची."

सगळ्यांनी अंथरूण पाहून पाय पसरावेत,
ह्याने पसरलेले पाय पाहून अंथरूण ओढलं.
हे वाक्य मी अहवालात लिहिलं होतं.
साहेबांनी खोडलं. बरोबरच केलं.

रात्री पोरांनी बिअर मागवली. ती थांबली नाही.
ट्रामच्या थांब्यावर तिला सोडायला गेलो.
वाळू रुळांवर येऊन पडत होती.
तिने न विचारता सांगितलं:
आईला शवपेटीत ठेवताना मोजे मी घालत होते.
तीनदा फिरले. चौथ्यांदा मी रडायला लागले.
मग तिथल्या परिचारिकेने माझ्या हातून घेतले
आणि एका झटक्यात, असे, सरळ.
"तो हात मला फार आवडला होता, क्लारहौट.
आज खोलीत त्याचे हात बघत होते,
तेव्हाही आवडले. एवढं लिहू नका."

लिहिलं नव्हतं. आज लिहितोय,
कारण ती आता नाही, आणि मीही सत्तरीपुढचा.

त्या रात्री घरी आलो तेव्हा तीन वाजले होते.
बायको झोपलेली. ब्लँकेटबाहेर
तिचे दोन्ही पाय, अनवाणी.
मी हात लांब केला आणि तसाच
कितीतरी वेळ उभा राहिलो.