उशाशी पाणी

एर्सिलिया ओयार्सून झोपताना
उशाशी पाण्याचा ग्लास ठेवते.
तहानेसाठी नाही.

पहाटे चारला लाकडाचे ट्रक जातात खालच्या रस्त्यानं,
खिडकीच्या काचा कुरकुरतात
आणि तिला जाग यायच्या आधीच
तिचे पाय जमिनीवर असतात.
मग ती टॉर्च धरते ग्लासावर.
ट्रकचा असतो बारीक शहारा, मधल्यामध्ये विरणारा.
जमीन हलली की पाणी काठ शोधतं.
आणि पाणी अगदी गप्प असेल
तर थरथरतोय तो फक्त टॉर्च,
म्हणजे हात,
म्हणजे आपणच.

हे तिला कुणी शिकवलं नाही.
समुद्र घर घेऊन गेला त्या वर्षी,
शिलाई मशीन नेलं, दोन ट्रंका, बहिणीचा नवरा,
आणि मागे ठेवून गेला हे असं
दचकून उठणारं शरीर.

शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास मोजा.
तिनं मोजले.
चारच्या पुढे गेलं की श्वासाऐवजी
समुद्रशेवाळाच्या जुड्या मोजल्या जातात,
किती वाळल्या, किती ओल्या, व्यापारी किती देईल,
आणि या हिशोबात कधीतरी डोळा लागतो.
डॉक्टरीणबाईंना तिनं हे सांगितलं नाही.

दाराशी पिशवी आहे.
मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ती उपसून पुन्हा भरते:
सेल, सुका पाव, प्लास्टिकमध्ये कागदपत्रं, कुत्र्याची दोरी,
आणि नातवासाठी एक नंबर मोठे बूट,
कारण मूल वाढतं,
आणि पिशवी तशीच राहते.

माझ्या भाषेत म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.
तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती,
असू दे ना. येतोच आहे पाठीमागून,
तर पिशवी धरायला सांग त्याला.

एलिसेओ सात वर्षांचा. त्यानं विचारलं,
आजी, तू घाबरतेस?
ती नाही म्हणाली नाही.
त्याला टेकडीच्या पायऱ्यांशी नेलं.
दोनशे बारा.
एकदा उन्हात चढले, एकदा पावसात,
एकदा डोळे मिटून, कठड्याला धरून.
वाटेत निळी पाटी आहे, लाट आणि पळणारा माणूस.
एलिसेओ तिच्याकडे बघत राहिला.
म्हणाला, याच्याकडे पिशवीच नाही.

ऑगस्टमधल्या एका रात्री
पाणी काठावरून सांडलं.
भोंगा वाजायच्या आत गॅस बंद, बूट, दोरी, पोरगं.
टेकडीवर सगळा गाव घोंगड्यांत.
बेकरीवाल्या रेमिहिओनं मळलेल्या कणकेची परात उचलून आणलेली,
मास्तरांच्या हातात टीव्हीचा रिमोट.
तो कुणीतरी समुद्राकडे रोखून दाबला
आणि थंडीत कुडकुडत लोक
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.
खाली समुद्र काळा होता
आणि काहीच करत नव्हता.
परातीतली कणीक हळूहळू फुगत होती.

दोन तासांनी निरोप आला, उतरा.

आणि तेव्हा, उतरताना,
सगळं करून झाल्यावर,
एर्सिलियाच्या गुडघ्यांना कंप सुटला.
इतका वेळ कुठे होती ही?
बहुतेक रांगेत उभी होती,
गॅस, बूट, दोरी यांच्या मागे.
ती मधल्याच पायरीवर बसली.
लोक बाजूनं उतरत गेले. कुणी थांबलं नाही,
फक्त रेमिहिओनं परात या काखेतून त्या काखेत घेतली.
एलिसेओ शेजारी टेकला.
बूट त्याला अजून मोठेच.
घाबरू नकोस असं तो म्हणाला नाही.
बहात्तर उरल्यात, म्हणाला.

घरी ग्लास आडवा पडलेला.
तिनं फरशी पुसली, ग्लास भरला,
उभ्या उभ्या अर्धा पिऊन टाकला.
घसा कोरडा होता, म्हणून.
उरलेल्या अर्ध्यावर टॉर्च धरला.
बारीक शहारा, मधल्यामध्ये.
चार वाजले होते.