दोन इंच

कारेलीबागेत, जिन्याखालच्या पार्किंगात
दोन सीटची लाल गाडी दिवाळीपासून ठोकळ्यांवर.
मकरपुऱ्याच्या हसमुखभाईनं स्प्रिंगा कापल्या,
दोन इंच.
"हवे रोडने चोंटीने चालशे."

कार्ब्युरेटरचं जेट साफ केलं
सुईनं नाही, ब्रशच्या केसानं.
फायबरची भेग भरताना
रेझिन सांडलं मृदुलाच्या पोळपाटावर.
ती बोलली नाही.
आठवडाभर पोळ्या बाहेरून आल्या.

आज पहाटे चावी फिरवली.
तिसऱ्या मजल्यावर पडदा हलला.
गेटपर्यंत वीस पावलं,
आणि सोसायटीच्या गतिरोधकावर
गाडीचं पोट टेकलं.

वॉचमन हसला नाही, तेवढं बरं.

मृदुला खाली आली, गाउनवरच,
पोळपाट चाकापुढे सरकवला.
"डागाची बाजू वर आहे," म्हणाली,
"चढव."