समोरच्याचा डावा

भरतीच्या फॉर्मवर वयाचा रकाना एवढासा.
त्रेचाळीस लिहिलं आणि पेन तिथंच थबकलं,
शीर सापडेपर्यंत बोट थबकतं तसं.
खाली दुसरा प्रश्न:
काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवावं?
बावीस वर्षं हे मी विचारत आले
स्ट्रेचरवरच्यांना, ओठ निळे पडलेल्यांना,
इतक्या सहज, जणू कॉफीत दूध किती.
ब्रिटाचं नाव लिहिलं.
लेकीचा नवा नंबर पाठ नव्हता.

हॅव्हर गावात ज्यानं त्यानं कारण विचारलं.
गिऱ्हाईक पाहून पुडी बांधली:
बँकेतल्या ऑर्व्हिलला म्हटलं, कर्ज फिटेल.
चर्चमधल्या बायकांना म्हटलं, देश.
बहिणीला म्हटलं, गुडघे शाबूत आहेत तोवर.
ती म्हणाली, कुणाचे?

खरं कारण मला ठाऊक असतं
तर बहुधा गेलेच नसते.

सॅन अँटोनियोत सप्टेंबरसुद्धा भट्टी.
घाम उन्हाचा की वयाचा, कळत नाही,
आणि टोपी काढायची सोय नाही.
सार्जंट टिबेट्स सव्वीस वर्षांचा,
सारखा कान चोळणारा.
मला मॅम म्हणतो आणि त्याच श्वासात ओरडतो,
डावा! तुमचा डावा, कॅप्टन थॉरसन!

मी उजवा पाय टाकलेला असतो.

त्याला कसं सांगू,
इतकी वर्षं मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.
समोरच्याचा डावा तो माझा उजवा.
डावं फुप्फुस, डावा खुबा,
डाव्या हाताला सलाइन नको,
त्या बाजूचा स्तन काढलाय.
माझ्या दिशा मी केव्हाच
दुसऱ्यांच्या अंगावर ठेवून आलेय.

रात्री बूट सापडतात, चष्मा सापडत नाही.
शेजारच्या खाटेवर ओयलर,
चोवीस वर्षांची, नर्सिंगची कोरी पदवी.
अंधारात विचारते,
तुझा पहिला पेशंट गेला तेव्हा तू काय केलंस?
चादर बदलली.
मग?
मग कँटीन बंद व्हायच्या आत सूप आणलं.
कसलं?
टोमॅटोचं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग उठून माझ्या बुटांच्या नाड्या
सैल करून ठेवल्या, सकाळसाठी.

सॅल्यूट अजून जमत नाही.
हात वर जातो, पण तळवा उलटतो,
मागची बाजू कपाळाला टेकते
ताप बघावा तशी.
टिबेट्सनं परवानगी मागून
माझी बोटं सरळ केली, एकेक.
त्याचा हात चटका बसेल इतका गरम.
तुला ताप आहे, मी म्हटलं.
रांगेत बोलायचं नसतं, मॅम.

संध्याकाळी आला तो,
टोपी मुठीत चुरगाळत.
कान दुखतोय म्हणाला, चार दिवस झाले.
कुठला?
डावा.

बस, म्हटलं. दिव्याकडे तोंड कर.